गाडीच्या पोटातलं पाणी

"ब्रेक दाबला की कुठेतरी पाणी डचमळतं, पण कुठे ते कळत नाही." पावसाळा अंगात आला की गॅरेजवाल्यांच्या कानावर ही तक्रार येऊ लागते. गाडी उभी केली की आवाज गप्प होतो. बॉनेट उघडावं तर पाणी दिसत नाही, खाली वाकून पाहावं तर थेंबही नाही. मग गाडीमालक दोन प्रश्न विचारतो आणि दोन्ही रास्त असतात: हे पाणी आलं कुठून, आणि अशी गाडी चालवत राहिलो तर काही बिघडेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यावर अवलंबून आहे. पाण्याचा किंवा पाण्यासारखा आवाज येऊ शकेल अशा जागा गाडीत आठ-दहा तरी आहेत. त्यांतल्या काहींत द्रव असायलाच हवा, तिथला आवाज ऐकून सोडून द्यावा. काहींत साचलेलं पाणी महिनोन्महिने गुपचूप पत्रा कुजवत राहतं. आणि एक आवाज असा आहे, की त्याकडे काणाडोळा केला तर एखाद्या घाटात इंजिन बसतं. हा एक आवाज बाकीच्यांपासून वेगळा काढता आला पाहिजे. त्यासाठी हत्यारं लागत नाहीत. कान, थोडा वेळ आणि सोबतीला एक माणूस पुरतो.

१. आधी "केव्हा" विचारा

गाडीचा पत्रा आवाज वाहून नेतो. डाव्या दारात साचलेलं पाणी चालकाला डॅशबोर्डमागे वाजल्यासारखं वाटतं आणि मागच्या टाकीतलं पेट्रोल थेट सीटखाली ऐकू येतं. त्यामुळे आवाज कुठून येतो हे शोधताना कान फसतो. आवाज केव्हा येतो याबाबत मात्र तो सहसा फसत नाही. पाणी आपलं आपण हलत नाही, त्याला कोणीतरी हलवावं लागतं. आणि गाडीत त्याला हलवणारे तिघेच आहेत: इंजिन, एसी आणि गाडीची स्वतःची हालचाल. तिघांना वेगवेगळं करून ऐकलं की निम्मं निदान झालंच.

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना सुरुवात करावी. गाडी सपाट जागी उभी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, एसी आणि रेडिओ बंद, काचा वर. इंजिन सुरू करून मिनिटभर ऐकावं, मग अॅक्सिलरेटर हळूहळू दाबून सोडावा. गाडी जागची हललेली नाही, म्हणजे दारात, डिकीत किंवा टाकीत पाणी असलं तरी ते या वेळी वाजणार नाही. तरीही डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू आली, तर ती इंजिनाच्या पंपाने ढकललेल्या कूलंटची आहे.

काही ऐकू आलं नाही तर एसी लावावा, दहा-पंधरा मिनिटं चालू द्यावा आणि बंद करून पुन्हा कान द्यावा. त्यानंतरच गाडी एखाद्या मोकळ्या मैदानात न्यावी. दुसऱ्या कोणाला तरी चालवायला बसवावं आणि आपण आधी पुढच्या, मग मागच्या सीटवर बसून ऐकावं. ताशी पंधरा-वीस किलोमीटर वेग पुरे. सरळ जाताना ब्रेक दाबायला सांगावं, नंतर डावीकडून आणि उजवीकडून गोल फेऱ्या मारायला लावाव्यात.

या फेऱ्यांतून बरंच कळतं. दाराची पोकळी पुढून मागे लांब असते, पण आडवी अगदी अरुंद. म्हणून दारातलं पाणी ब्रेक लावल्यावर आणि गाडी उचलल्यावर डचमळतं, वळणावर फारसं बोलत नाही. स्टेपनीचा खळगा गोल असतो, तिथलं पाणी ब्रेकलाही वाजतं आणि वळणालाही. एसीच्या डब्यात साचलेलं पाणी तर वळणावर पायावरच सांडतं, मग ऐकायची गरजही उरत नाही.

२. भरलेलं वाजत नाही

काठोकाठ भरून तोंड बंद केलेली घागर कितीही हलवली तरी गप्प राहते. अर्धी भरलेली घागर पावलागणिक डचमळते. आवाजाला नुसतं पाणी पुरत नाही, पाण्याला धाव घ्यायला मोकळी जागाही लागते. बिघाडाच्या आवाजाचे म्हणून दोनच अर्थ निघतात. एकतर मोकळी असायला हवी त्या जागेत पाणी शिरलं आहे, किंवा काठोकाठ भरलेली असायला हवी त्या जागेतलं पाणी कमी होऊन हवा शिरली आहे. पहिला प्रकार पावसाचा आणि एसीचा, दुसरा कूलंटचा. घाई करायची ती या दुसऱ्या प्रकारात.

आवाजाची लय ऐकूनही थोडा अंदाज बांधता येतो. उथळ पाण्यातली लाट किती वेगाने धावणार हे पाण्याच्या खोलीवर ठरतं. खोली जितकी कमी तितकी लाट संथ. समजा, दाराच्या तळाशी ४ सेंटिमीटर पाणी साचलं आहे. एवढ्या पाण्यात लाट सेकंदाला साधारण ६३ सेंटिमीटर जाते. दाराची आतली लांबी ९० सेंटिमीटर धरली तर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचायला तिला जवळजवळ दीड सेकंद लागतो, आणि जाऊन परत यायला तीन. उलट ६० सेंटिमीटर लांबीच्या टाकीत १५ सेंटिमीटर इंधन असेल तर लाट अर्ध्या सेकंदातच पलीकडच्या भिंतीवर आपटते. म्हणजे ब्रेकनंतर सावकाश, लांबट "स्वॅऽऽश" आला तर दाराचा किंवा दाराखालच्या पोकळ पट्टीचा संशय घ्यावा. आखूड, पटापट "डुबुक-डुबुक" आलं तर टाकीचा. यावर पूर्ण भिस्त ठेवू नये, कारण पोकळीचे आकार वाकडेतिकडे असतात. पण दोन शक्यतांमधली एक निवडताना ही लय उपयोगी पडते.

त्याच उदाहरणातल्या दाराची आतली रुंदी १० सेंटिमीटर धरली तर साचलेलं पाणी भरतं ३,६०० घन सेंटिमीटर, म्हणजे साडेतीन लिटरांहून थोडं जास्त. एवढं ओझं दाराच्या बिजागरीवर रोज लटकत असतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

हिंदकळणाऱ्या द्रवाची ताकद कमी लेखण्यासारखी नाही. अर्धा भरलेला पाण्याचा टँकर पूर्ण भरलेल्या टँकरपेक्षा वळणावर जास्त अवघड जातो, हे दुष्काळी भागात टँकर चालवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. २१ मार्च २००७ रोजी उडालेलं 'फाल्कन-१' हे रॉकेट कक्षेत पोचलं नाही, त्याचंही कारण दुसऱ्या टप्प्याच्या टाकीतल्या द्रवरूप ऑक्सिजनचं हिंदकळणं हेच होतं. लाट मोडायला आत आडव्या पट्ट्या बसवतात, त्या या टाकीत नव्हत्या. मोटारीच्या इंधनटाकीत बहुधा असे पडदे असतात, तरी आवाज पूर्ण मरत नाही.

३. सोडून द्यावेत असे आवाज

टाकी पाव ते निम्मी भरलेली असताना ब्रेक लावल्यावर मागच्या सीटखालून येणारा डुबुक आवाज इंधनाचा. याची खात्री करणं सोपं आहे: टाकी पूर्ण भरून तोच रस्ता पुन्हा जावं. आवाज गेला किंवा बराच दबला तर विषय संपला. काच धुण्याच्या पाण्याची बाटली बहुतेक गाड्यांत पुढच्या बंपरच्या कोपऱ्यात असते, तीही अर्धी असली की वाजते. ती भरून पाहावी. एसी किंवा इंजिन बंद केल्यावर अर्धा-एक मिनिट डॅशबोर्डमागे येणारी सुस्काऱ्यासारखी कुजबुज एसीच्या वायूची असते. नळ्यांमधला कमी-जास्त दाब सारखा होताना तो वायू असा बोलतो.

सायलेन्सरमधलं पाणी मात्र लोकांना घाबरवतं. पेट्रोल जळताना त्यातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून पाणी बनतो, आणि ते थोडंथोडकं नसतं: एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन तापलेलं असताना ते वाफ होऊन निघून जातं. घरापासून भाजी मंडईपर्यंत दोन किलोमीटर जायचं आणि यायचं एवढाच गाडीचा वापर असेल, तर सायलेन्सर नीट तापत नाही, वाफ आतच थंड होते आणि पाणी साठतं. सकाळी धुराड्यातून चार थेंब पडले तर ते हेच. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर पळवली की हे पाणी उडून जातं. नाहीतर सायलेन्सर आतून गंजतो.

४. डॅशबोर्डमागची खळखळ

आता तो धोक्याचा आवाज. इंजिन सुरू केल्याबरोबर किंवा अॅक्सिलरेटर दाबला की डॅशबोर्डच्या मागे, पायांच्या वरच्या बाजूला, छोटा ओहोळ वाहावा तसं काहीतरी खळखळतं. गाडी उभी असली तरी येतं, एसी बंद असला तरी येतं.

हे समजायला कूलंटचा प्रवास माहीत हवा. इंजिनात जळणाऱ्या इंधनाची सगळी उष्णता चाकांपर्यंत पोचत नाही. मोठा वाटा धातूतच राहतो. तो बाहेर काढण्यासाठी इंजिनाच्या भिंतींमधून पाणी आणि ग्लायकॉल यांचं मिश्रण फिरत असतं, तेच कूलंट. पंप त्याला ढकलतो आणि पुढच्या रेडिएटरमध्ये ते थंड होतं. त्यातलाच एक फाटा डॅशबोर्डमागे हीटरच्या छोट्या रेडिएटरकडे जातो. महाराष्ट्रात हीटर क्वचितच कोणी लावतं, पण बऱ्याच गाड्यांत हा फाटा हीटर बंद असतानाही वाहत असतो. गरम हवा आत सोडायची की नाही एवढंच एक झडप ठरवते. आणि हा छोटा रेडिएटर बहुतेक गाड्यांत या सगळ्या मार्गातल्या उंच जागांपैकी एक असतो. कूलंटमध्ये हवा शिरली की ती उंच जागा शोधते आणि इथे येऊन बसते. मग येणारा प्रत्येक लोंढा तिच्यातून खळखळत जातो.

हवा शिरण्याची साधी कारणं दोन. नुकतंच कूलंट बदललं असेल आणि मेकॅनिकने एअर नीट काढली नसेल, किंवा कुठून तरी कूलंट हळूहळू गळत असेल: जुना होज, सैल क्लिप, पंपाचं सील, रेडिएटरचा सांधा. याखेरीज रेडिएटरच्या झाकणाचाही संशय घ्यावा. ते झाकण आत दाब धरून ठेवतं, आणि त्या दाबामुळेच कूलंट उकळत नाही. हवेच्या दाबाच्या दुप्पट दाबाखाली साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी १२० अंश सेल्सिअसला उकळतं. झाकणाचं रबर गेलं की ही सवलत जाते, गरम जागी वाफेचे बुडबुडे होतात आणि कूलंट उतू जातं.

याच कारणाने इंजिन गरम असताना झाकण कधीही उघडू नये. दाब एकदम उतरला की उकळतं पाणी आणि वाफ तोंडावर येते. फडकं धरून, जरासंच फिरवून पाहण्याचा मोहही नको. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची कूलंटची बाटली सकाळी पाहावी. तिच्यावर किमान आणि कमाल अशा दोन खुणा असतात. पातळी किमान खुणेच्या खाली असेल तर बाटली गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या कूलंटने भरावी आणि खुणेपाशी तारीख लिहून ठेवावी. आठवड्याभरात पातळी पुन्हा उतरली तर गळती आहे. बोअरचं क्षारयुक्त पाणी सहसा ओतू नये. त्याचे थर आतल्या बारीक नळ्या चोंदवतात. रस्त्यात अडकल्यावर दुसरा उपाय नसेल तर कोणतंही स्वच्छ पाणी चालेल, पण इंजिन थंड होऊ दिल्यानंतरच. तापलेल्या धातूवर एकदम गार पाणी पडलं तर तो तडकू शकतो.

कूलंट कमी होतं आहे, पण खाली थेंब दिसत नाही, असंही होतं. तेव्हा ते दोन ठिकाणी जात असू शकतं. पहिलं, हीटरचा छोटा रेडिएटर आतच गळतो: गाडीत गोडसर वास येतो, पुढच्या काचेवर आतून पुसली तरी न जाणारी तेलकट धूसर साय येते, पायाखालचं कार्पेट चिकट लागतं. दुसरं आणि महागडं, हेड गॅस्केट फुटलेलं असतं. सिलिंडर आणि कूलंट यांना वेगळं ठेवणारा हा पातळ थर फुटला की जळलेला वायू कूलंटमध्ये घुसतो. एअर कितीही वेळा काढली तरी खळखळ परत येते. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात रेडिएटरचा होज दगडासारखा कडक होतो, धुराड्यातून दाट पांढरा धूर येत राहतो, कधी ऑइलच्या झाकणाखाली दुधट चिखल दिसतो. याची स्वस्त चाचणी आहे: बाटलीच्या तोंडाशी निळा द्राव धरून आतली हवा त्यातून ओढतात, त्यात जळलेला वायू असेल तर द्राव पिवळा होतो. इंजिन उघडायचा निर्णय होण्याआधी गाडीमालकाने ही चाचणी आग्रहाने मागावी.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. कूलंट फार कमी झालं की तापमान मोजणारा संवेदक द्रवाबाहेर, हवेत राहतो. मग काटा नेहमीच्या जागी किंवा त्याच्याही खाली दिसतो, आणि इंजिन मात्र भाजत असतं. म्हणून "काटा ठीक आहे ना" एवढ्यावर विसंबून खंबाटकी किंवा कसारा घाट चढायला निघू नये. डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू आली असेल तर लांबच्या प्रवासाआधी कूलंट पाहिलंच पाहिजे.

कूलंट विषारी असतं. चवीला गोडसर असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. सांडलेलं कूलंट भरपूर पाण्याने धुऊन टाकावं, आणि उरलेलं कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नये.

५. एसीचं पाणी जातं कुठे?

एसी लावलेली गाडी उभी केली की खाली पाण्याचं छोटं थारोळं होतं. नवी गाडी घेतलेल्यांना ती गळती वाटते. वास्तविक ते थारोळं दिसत नसेल तर काळजी करावी.

डॅशबोर्डमागे, बहुतेक गाड्यांत डावीकडे ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, एसीची कूलिंग कॉइल असते. दमट हवा तिच्यावरून गेली की हवेतली वाफ तिथे पाणी होऊन ठिबकते. किती? ३० अंश तापमानाच्या आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत, म्हणजे रत्नागिरीच्या किंवा पणजीच्या पावसाळ्यात, दर घनमीटरला सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. तीच हवा १० अंशांपर्यंत थंड केली तर तिच्यात ९ ग्रॅमच मावते. उरलेलं १५ ग्रॅम पाणी कॉइलवर राहतं. पंखा तासाला २०० घनमीटर बाहेरची हवा ओढतो असं धरलं तर तासाला तीन लिटर पाणी झालं. आतलीच हवा फिरवली तर हे बरंच कमी होतं.

एवढं पाणी कॉइलखालच्या डब्यात पडतं आणि बोटाएवढ्या जाड ड्रेन पाइपातून खाली जातं. त्या पाइपात धूळ, बुरशी, पानांचा चुरा अडकतो; कधी कुंभारीण माशी त्यात मातीचं घरटं बांधते. वाट बंद झाली की डबा भरतो. आधी वळणावर डॅशबोर्डमागे डचमळ ऐकू येते, पंखा लावल्यावर कुबट वास येतो, आणि एक दिवस डाव्या सीटवर बसलेल्याच्या पायावर गार पाणी सांडतं.

तपासणी सोपी आहे. दमट दिवशी एसी वीस मिनिटं चालवावा आणि गाडी उभी करून खाली पाहावं. थेंब पडत नसतील आणि डावीकडचं कार्पेट ओलं असेल तर पाइप चोंदला आहे. साफ करायला मऊ नायलॉनची लवचीक दोरी किंवा मंद फुंकर पुरते. मोठ्या दाबाची हवा मारली तर पाइप आतल्या बाजूने निसटतो, आणि मग तो बसवायला अर्धा डॅशबोर्ड खोलावा लागतो. सर्व्हिसिंगला गाडी देताना "ड्रेन पाइप साफ करा" हे शब्द कामाच्या कागदावर लिहून घ्यावेत. कूलिंग कमी-जास्त तपासण्याच्या नादात हे काम राहून जातं.

६. पाऊस आत येतोच

मोटार बंद डब्यासारखी पाणी अडवते, असा आपला समज असतो. तसं नाही. दाराच्या काचेला लागून असलेलं रबर पाणी पुसतं, अडवत नाही. पावसाचं पाणी काचेवरून दाराच्या पोटात उतरतं आणि दाराच्या तळाशी ठेवलेल्या भोकांमधून बाहेर पडतं. हीच रचना छतात, वायपरखाली, डिकीच्या कडेने आहे. गाडी बनवणाऱ्याने पाणी आत येणार हे गृहीत धरून त्याला जायला वाटा ठेवल्या आहेत, आणि आपण त्या वाटांची कधी विचारपूसही करत नाही.

दारापासून सुरुवात करू. दार उघडून त्याच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं की दोन-तीन चिरा किंवा भोकं लागतात. लाल मातीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांत ती चिखलाने लिंपलेली असतात. दार हाताने जरा झोकून उघड-बंद करावं. आत पाणी असेल तर ते लगेच बोलतं. भोकं मोकळी करायला दात कोरायची काडी किंवा प्लास्टिकची पट्टी घ्यावी. स्क्रूड्रायव्हर घातला तर रंग खरवडतो आणि तिथूनच गंज सुरू होतो. काडी घातल्यावर धारेने पाणी आलं तर आश्चर्य वाटून घेऊ नये.

एक तक्रार मला मनापासून करावीशी वाटते. गंज लागू नये म्हणून गाडीखाली काळा थर फवारून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. निष्काळजीपणे फवारणारा माणूस ही भोकंही लिंपून टाकतो. गंज थांबवायला दिलेल्या पैशातून गंजाचीच सोय होते. फवारणी करून घेतली तर दुसऱ्याच दिवशी दारांच्या आणि दाराखालच्या पट्ट्यांच्या सगळ्या चिरा मोकळ्या आहेत ना, ते स्वतः पाहावं. तसंच, गळती थांबवायला कोणी अशा भोकात सिलिकॉन भरू लागला तर त्याला तिथेच थांबवावं.

स्पीकर बदलण्यासाठी किंवा काचेची मोटर दुरुस्त करण्यासाठी दाराचं आतलं पॅनेल काढलं जातं. त्यामागे पत्र्यावर एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो फाटला किंवा नीट चिकटवला नाही, तर दारातलं पाणी खाली जाण्याऐवजी आत कार्पेटवर उतरतं. नवे स्पीकर बसवल्यानंतरच्या पहिल्या पावसात गाडीत ओल आली, तर पहिला संशय याच कागदावर घ्यावा.

वायपरखालच्या जाळीत गुलमोहराची, चिंचेची बारीक पानं कुजून बसतात. ही जाळी म्हणजे एसीच्या पंख्याचा हवा घेण्याचा मार्ग. तिथलं पाणी तुंबलं की ते पंख्यात शिरतं, आणि मोटर जळते. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी मे महिन्याच्या अखेरीस ही जाळी हाताने साफ करावी.

हल्ली लहान गाड्यांनाही सनरूफ असतं. त्याच्या काचेभोवती एक पन्हळ असते आणि बहुधा तिच्या चारही कोपऱ्यांतून बारीक नळ्या खांबांमधून खाली उतरतात. नळी चोंदली की ब्रेक लावल्यावर आवाज डोक्यावरून येतो, आणि मग आरशाजवळच्या दिव्यातून थेंब पडतात. सनरूफ उघडून कोपऱ्यात अर्धा पेला पाणी हळूहळू ओतावं आणि चाकाजवळ, दाराच्या फटीशी ते बाहेर येतं का पाहावं. कोपरे एकेक करून तपासावेत. पाणी पन्हळीतच थबकलं तर ती नळी बंद आहे.

डिकीत मात्र लोक पाहतच नाहीत, कारण स्टेपनी वर्षानुवर्षं लागत नाही. मॅट उचलावी, स्टेपनी काढावी आणि खळग्याच्या तळाला हात लावावा. पाणी असेल तर ते बहुधा मागच्या दिव्याच्या जुन्या गॅस्केटमधून किंवा डिकीच्या झिजलेल्या बीडिंगमधून आलेलं असतं. खळगा कोरडा करून कडांवर टाल्कम पावडर भुरभुरावी, डिकी बंद करावी आणि बागेच्या नळीने खालून वर थोडं थोडं पाणी मारावं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. नंतर डिकी उघडली की पावडरमध्ये पाण्याची वाट स्पष्ट उमटलेली असते.

७. रंग, वास आणि हाताला लागणारा चिकटपणा

पाणी सापडलं तरी ते कोणतं हे ठरवायचं राहतं. पांढरा टिश्यू पेपर त्यात बुडवावा. रंग नाही, वास नाही: एसीचं किंवा ताज्या पावसाचं. मातकट आणि कुबट: बरेच दिवस साचलेलं पावसाचं. हिरवट, गुलाबी किंवा निळसर, बोटांना बुळबुळीत: कूलंट. साबणासारखा वास असेल तर काच धुण्याचं पाणी. पेट्रोलचा वास आला तर पुढचं काही न करता गाडी मोकळ्या हवेत उभी ठेवावी आणि मेकॅनिकला तिथेच बोलवावं. चव घेऊन काहीही ठरवू नये.

मेकॅनिककडे जाताना "पाण्याचा आवाज येतो" एवढंच सांगू नये. "इंजिन थंड असताना सुरू केलं की डॅशबोर्डमागे खळखळतं, गाडी उभी असली तरी येतं, आणि कूलंट आठवड्यात बोटभर उतरलं," असं सांगितलं तर तो थेट कामाला लागतो. नाहीतर तो आधी दार उघडेल, मग डिकी, आणि मजुरी त्या सगळ्याची लागेल.

८. पुरातून आलेली गाडी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात होतं, २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडालं. अशा प्रत्येक पुरानंतर भिजलेल्या गाड्या पुसून-पासून जुन्या बाजारात येतात, आणि जुनी गाडी घेणाऱ्याला पहिल्या फेरीतच कुठेतरी डचमळ ऐकू येते. दाराखालच्या पोकळ पट्ट्यांमध्ये शिरलेलं पुराचं पाणी गाळासकट तिथेच राहतं, कारण गाळाने भोकंच बुजवलेली असतात. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहावा; टोकाकडच्या भागात मातीची रेघ दिसते, कारण तिथपर्यंत धुणारा पोचत नाही. सीटच्या रुळांवरचा गंज, स्टेपनीच्या खळग्यातला बारीक गाळ, हेडलाइटच्या आतली धूसर रेघ, जुन्या गाडीत कोरं कार्पेट, याही खुणा पाहाव्यात.

पाण्यात उभी राहिलेली स्वतःची गाडी पाणी ओसरल्यावर लगेच सुरू करू नये. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पिस्टन वर येताना ते दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी टो करून नेणं यापेक्षा फार स्वस्त पडतं.

आत आलेलं पाणी काढून टाकल्यावर काम अर्धंच होतं. कार्पेटखाली जाड फोम किंवा ज्यूटचा थर असतो. वरून हात लावला तर कोरडं वाटतं आणि खाली पाणी पिऊन बसलेलं असतं. त्याच्याखालून वायरींचे जोड जातात, आणि बऱ्याच गाड्यांत एअरबॅगची नियंत्रणपेटी दोन्ही सीटांच्या मध्ये, जमिनीलगतच असते. म्हणून कार्पेट उचलून फोम पिळावा आणि उन्हात किंवा पंख्याखाली दोन-तीन दिवस वाळवावा. वायरींचे जोड मात्र मेकॅनिककडून, बॅटरी काढूनच उघडून घ्यावेत. सगळं परत बसवल्यावर पुढचा मोठा पाऊस होऊन गेला की त्याच जागी कार्पेटचा कोपरा वर करून खालच्या फोमला बोट लावून पाहावं.